तरला दलाल आणि आमची मासेखाऊ घरं : तुमचे अनुभव सांगा

केगद
नमस्कार मंडळी. सांखळीजवळच्या आमच्या गावात महिला मंडळाची महिन्यातून एकदा बैठक असते आणि दर वेळी एकजण कुठल्यातरी कर्तबगार बाईविषयी पंधरा मिनिटं बोलते. या खेपेला माझी पाळी. मी शाकाहारी स्वयंपाकाची पुस्तकं लिहिणाऱ्या तरला दलाल यांचं नाव सांगितलं आणि तिथल्या तिथे दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, "रांदप (स्वयंपाक) सगळ्याच करतात गो, त्यात कसलं कर्तृत्व?" दुसरीचं म्हणणं, ती बाई शिवराक (शाकाहारी), मुंबईची, आमच्या हुमणाशी (माशांच्या आमटीशी) तिचा काय संबंध, गोव्यातली कोणीतरी घे.

मी नाव बदलणार नाही. 1991 साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला येत काय होतं तर भात, तळलेले बांगडे आणि सोलकढी. सासरी सोमवार शिवराक, गुरुवार शिवराक, एकादशी, संकष्टी, अख्खा श्रावण, चवथीचे दिवस वेगळेच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, विचारणार कोणाला, आईला फोन करायचा तर शेजाऱ्यांकडे जाऊन आणि तेही त्यांच्या सगळ्यांच्या देखत. नवऱ्याने पणजीहून तरला दलालांचं एक पुस्तक आणून दिलं. मी भीत भीत एक भाजी केली, लिहिलंय तेवढंच तेल, लिहिलंय तेवढंच मीठ, आणि ती झाली, पहिल्याच खेपेला झाली! सासरे काही बोलले नाहीत पण दुसऱ्यांदा वाढून घेतली.

माहिती माझ्याकडे आहे. जन्म पुण्यात 3 जून 1936, नलिन दलालांशी लग्न 1960, मग मुंबई. 1966 पासून घरीच स्वयंपाकाचे क्लास, 1974 ला पहिलं पुस्तक 'द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग', पुढे शंभरावर पुस्तकं, मासिक, टीव्ही, वेबसाइट, 2007 ला पद्मश्री. 6 नोव्हेंबर 2013 ला मुंबईत गेल्या. पण हे वाचून दाखवलं तर चार मिनिटांत संपेल आणि मावशी जागच्या हलणार नाहीत. म्हणून विचारते, तुमच्या घरात या बाईमुळे काही बदललं का? नसेल बदललं तर तेही सांगा.

बांगडाप्रेमी
मी मावशींच्या पक्षात. सोमवारी आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे दुखवटा असल्यासारखे असतात, त्याला पद्मश्री पण काही करू शकत नाही.

सुरंगी
केगद, तुझं वाचून मला माझी आई आठवली. आम्ही मडगावला राहायचो, आई सातवी शिकलेली, इंग्लिश येत नव्हतं. पुस्तक इंग्लिश होतं ते माझ्या मावशीने मुंबईहून आणलेलं. मी पाचवी-सहावीत असेन, मी मोठ्याने वाचायचे आणि अर्थ सांगायचे आणि आई करायची. मला अर्धे शब्द कळायचे नाहीत. बेक म्हणजे भाजणे असं मी सांगितलं तर आईने पहिल्यांदा तव्यावर प्रयत्न केला.

मग शेजारच्या ख्रिश्चन आंटीने तिचा ओव्हन दिला. ती त्यात नाताळाला बेबिंक करायची, आधी तिच्याकडे मातीची भट्टी होती वरून निखारे घालायची, नंतर विजेचा गोल ओव्हन आला. आई व्हाइट सॉस करून भाज्या घालून भांडं झाकून तिच्या घरी घेऊन जायची. व्हाइट सॉसमध्ये आधी दोनदा गुठळ्या झाल्या. तिसऱ्यांदा आईने बरोबर ओळखलं की दूध एकदम ओतायचं नाही, मैदा लोण्यात परतून घेतला की थोडं थोडं दूध, ढवळत ढवळत. म्हणाली, हे तर नारळाचा रोस घालताना आपण करतो तसंच की, घाई केली की फुटतं. वर चीज हवं होतं, आमच्याकडे डब्यातलं होतं तेवढं किसलं आणि कमी पडलं म्हणून कालच्या पोयांचा (गोव्याच्या पावांचा) चुरा भुरभुरला. तो कुरकुरीत थर इतका आवडला की पुढे चीज असलं तरी पोयांचा चुरा ठरलेलाच.

आंटी आणि आई पंचवीस वर्षं एकमेकींकडे ताटं पाठवत होत्या, चवथीला नेवऱ्या तिकडे आणि नाताळाला कुसवार (नाताळचा फराळ) इकडे. त्याआधी गेटवरून नुसतं हसणं होतं. हे तुझ्या भाषणात सांग.

माडाचीसावली
सगळे कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. माझी आजी फोंड्याची. तिच्या हातचं शिवराक जेवण म्हणजे खतखतें (मिश्र भाज्यांचं), अळसांद्यांचं तोणाक, मुगागाठी, अंबाड्याचं करम, घोटांचं सासव, शेवटी मणगणें. एकाही पदार्थात चीज नाही, पनीर नाही, सिमला मिरची नाही. आता घरच्या जेवणाला, लग्नाला, मुंजीला जाऊन बघा, पनीर आणि कसलंतरी बेक्ड. शिवराक म्हटलं की लोकांना वाटतं उत्तरेकडचं काहीतरी करायचं. आमच्याकडे श्रावण महिनाभर पुरेल एवढं स्वतःचं होतं आणि ते आम्ही आपल्या हाताने मागे सारलं. ही पुस्तकं आणि टीव्हीचे कार्यक्रम याला कारण नाहीत असं मला कोणी सांगू नये. मेक्सिकन, इटालियन, थाई सगळं शाकाहारी करून दाखवलं, आणि मुलींना आजीकडे बसून शिकायची गरज वाटेनाशी झाली.

बाई मोठ्या होत्या, मेहनती होत्या, मान्य. पण नुकसान झालं ते झालं.

अबोली_7
@माडाचीसावली तुमची कळकळ कळते, पण आजीकडे बसून शिकायची गरज तुम्हाला वाटली होती का? म्हणजे तुम्ही शिकलात का खतखतें?

मी भांडायला विचारत नाही. माझ्या घरात पण तसंच झालं. आजीला विचारलं की ती म्हणायची "अदमासान घाल". अदमास कोणाचा? तिचा पन्नास वर्षांचा, माझा शून्य. ती गेली आणि तिचं सासव पण गेलं, मी आजपर्यंत तीन-चारदा करून बघितलं, मोहरी कडू होते. कोणी लिहून ठेवलं नाही म्हणून गेलं, त्यात तरला दलालांचा दोष काय? त्यांनी त्यांचं लिहून ठेवलं. आम्ही आमचं नाही ठेवलं.

माडाचीसावली
नाही शिकलो. मुलग्यांना तेव्हा रांदचे कुडीत (स्वयंपाकघरात) कोण येऊ देत होतं. पण प्रश्न बरोबर आहे तुमचा.

(मोहरी कडू होते कारण जास्त वेळ वाटली जाते. आजी ती शेवटी घालायची, खोबरं वाटून झाल्यावर, एक-दोन फिरवे फक्त. एवढं बघितलेलं आठवतंय.)

अबोली_7
थांबा, हे मी वहीत लिहून घेते!!

काणकोणचो_भुरगो
2009 ते 2014 बेंगळुरूला नोकरी, चार गोयंकार (गोव्याचे) एका फ्लॅटमध्ये, जवळ चांगलं मासळी मार्केट नाही आणि कोणालाच रांधता येत नाही. रात्री दहा वाजता मी त्यांची वेबसाइट उघडायचो, फ्रिजमध्ये काय आहे ते टाकायचं आणि खाली रेसिप्या यायच्या. दाल, पुलाव, कढी तिथेच शिकलो. त्या गेल्या त्या दिवशी ऑफिसात बातमी वाचली आणि आम्ही चौघांनी रात्री कढी केली. बाकी काही सुचलं नाही.

तिसऱ्यो
धागा छान चाललाय. पण मराठी माणसांनी कमलाबाई ओगल्यांचं नाव अजून कसं काढलं नाही? 'रुचिरा' 1970 सालचं, म्हणजे तरलाबेनच्या चार वर्षं आधी. वाटी-चमच्याचं माप मराठी घरात त्यांनी आणलं. माझ्या आईच्या पिढीला माहेरहून भांड्यांबरोबर ते पुस्तक यायचं. केगद, तुला मराठी मंडळासमोर बोलायचंय तर कमलाबाईच जास्त जवळच्या नाहीत का?

पणजी_फेरी
@तिसऱ्यो दोघींचं काम वेगळं वाटतं मला. कमलाबाईंनी आपल्या घरात जे होत होतं तेच नेमकं करून दिलं. तरलाबेननी घराबाहेरचं घरात आणलं, आणि कांदा-लसूण-अंडं-मांस यांचे जे काय नियम त्या त्या घरात असतील ते न मोडता. ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. अंड्याशिवाय केक हेच घ्या. अंडं नुसतं चवीला नसतं, ते पीठ बांधतं आणि फुगवतं पण. ते काढलं की केक एकतर वीट होतो नाहीतर भुगा. मग कंडेन्स्ड मिल्क, त्यातली साखर आणि दूध ओलावा धरून ठेवतात, आणि फुगण्यासाठी सोडा आणि बेकिंग पावडर. सोडा जास्त झाला की साबणासारखा वास, कमी झाला की बसला. चमचाभराचा फरक आणि सगळं फुकट. ती प्रमाणं कोणीतरी दहा वेळा बिघडवून बसवलेली असतात, आपल्यापर्यंत फक्त अकरावी वेळ येते.

मापाचं आणखी एक. मेजरिंग कप 240 किंवा 250 मिलिलिटरचा असतो. आपल्या घरातला चहाचा कप त्यापेक्षा बराच लहान. आई वर्षानुवर्षं चहाच्या कपाने मैदा मोजायची आणि चमचे मात्र मापाचे, म्हणजे मैदा कमी आणि सोडा पूर्ण! आमच्या घरी सगळे म्हणायचे पुस्तक खोटं आहे. मी पहिल्या पगारात मापाच्या कपांचा सेट आणला आणि त्या रविवारी केक असा काही फुगला की बाबा ओव्हनसमोर उभे राहून बघत होते.

शेवंती
सोमवारचे वाढदिवस!! आमच्या धाकटीचा वाढदिवस बहुतेक श्रावणातच येतो, दुकानातला केक आणला की सासू विचारणार अंडं आहे का आणि मग देवाला दाखवायचा नाही, तोंड लावायचं नाही, पोर रडणार. कंडेन्स्ड मिल्कचा केक शिकले आणि घरातली ती कटकट मिटली, आता सासूच सांगते या वर्षी चॉकलेटचा कर म्हणून.

दोनापावला
मी 18 वर्षं बॉस्टनला होतो, आता परत आलोय. तिथे ज्यूलिया चाइल्ड म्हणजे घराघरातलं नाव. फ्रेंच स्वयंपाकावरचं त्यांचं (दोन सहलेखिकांबरोबरचं) मोठं पुस्तक 1961 साली आलं, आपल्या गोवामुक्तीच्या वर्षी. 1963 पासून बॉस्टनच्या टीव्ही केंद्रावर त्यांचा 'द फ्रेंच शेफ' लागायचा. महायुद्धात त्या श्रीलंकेत कँडीला कचेरीत कामाला होत्या, स्वयंपाक जवळपास येतच नव्हता. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पॅरिसला गेल्या, तिथे पदार्थ चाखून वेड लागलं आणि छत्तिशी उलटल्यावर शाळेत नाव घातलं. त्यांचं घरचं स्वयंपाकघर अख्खंच्या अख्खं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात नेऊन मांडलंय, मी दोनदा बघितलंय, भिंतीवर टांगलेल्या कढयांसकट.

केगदताई, तुमच्या मावशींना हे सांगा. एका देशाने एका बाईच्या कढया संग्रहालयात ठेवल्या. तरलाबेनचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा त्या 38 वर्षांच्या, तीन मुलांची आई, आणि शिकवायला लागून आठ वर्षं झालेली. कॅमेरा फार नंतर आला. आधी समोर बसलेल्या मुलींचे प्रश्न होते, आणि तिथे जे अडलं ते पुस्तकात उतरलं, म्हणून तुमची भाजी पहिल्या खेपेला झाली.

बांगडाप्रेमी
ही शेवटची ओळ वाचून माझा पक्ष डळमळीत झालाय. पण टीव्हीवर खरा राजा संजीव कपूर. 1993 पासून झी टीव्हीवर 'खाना खजाना', रविवारी आम्ही सगळे भाऊ पेनं घेऊन बसायचो आणि लिहून होईपर्यंत पुढची कृती सुरू.

तिसऱ्यो
त्यांना पद्मश्री 2017 ला. त्याच्या आदल्या वर्षी इम्तियाज कुरेशी. दोघेही हॉटेलातून आलेले व्यावसायिक शेफ. तरलाबेनना 2007 ला, म्हणजे हॉटेलची पायरी न चढता घरच्या ओट्यावरून तिथवर गेलेली बाई त्यांच्या आधी. मघाशी मी कमलाबाईंचं नाव काढलं ते मागे घेत नाही, पण केगदचं नाव पण बरोबर आहे. मावशी म्हणतात ना रांदप सगळ्याच करतात, त्या सगळ्यांपैकीच एकीला ते मिळालं. त्यांचं तेच वाक्य उलटं करून त्यांनाच दे.

सुरंगी
मराठीतही त्यांची पुस्तकं आली होती. आईला मराठी प्रत मिळाली तेव्हा तिने माझं भाषांतर तपासलं आणि मला बोलावून दाखवलं, "बघ, हांगा तूं चुकीचें सांगिल्लें." वीस वर्षांनी! केगद, पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन मराठी प्रत मिळते का बघ, बायकांच्या हातात पुस्तक दिलंस तर तुझं बोलणं कमी आणि त्यांचं जास्त होईल.

माडाचीसावली
मासे मात्र कोणी मापात बसवून दाखवा. बांगडा किती ताजा, खोला गावची मिरची की दुसरी, नारळ जून की कोवळा, सोलां (आमसुलं) यंदाची की गेल्या वर्षीची. रोज वेगळं हुमण होतं. पुस्तक काय करणार तिथे?

पणजी_फेरी
@माडाचीसावली भाज्या पण रोज वेगळ्याच असतात की. मापाचा उपयोग एवढाच की सुरुवात कुठून करायची ते कळतं, पुढे जीभ आहेच. माप नसेल तर नवी मुलगी सुरुवातच करत नाही, सरळ हॉटेलातून मागवते. हे मी माझ्या घरात रोज बघतेय, लेक 24 वर्षांची आहे.

शेवंती
+1. माझी पण.

केगद
दहा दिवसांनी परत आले, उशिराबद्दल क्षमस्व. बैठक काल झाली.

सुरंगीच्या आईची गोष्ट सांगितली (नाव न घेता), बेक म्हणजे भाजणे म्हटल्यावर हसू आलं आणि आंटीच्या ओव्हनवर सगळ्या एकदम गप्प. दोनापावला यांचं संग्रहालय पण सांगितलं. बॉस्टन-पॅरिस बायकांना लांबचं वाटलं पण कढया म्हटल्यावर कान टवकारले. लायब्ररीत मराठी प्रत मला मिळाली नाही म्हणून माझं जुनं इंग्लिश पुस्तकच घेऊन गेले. एका सुनेने त्यातली एक कृती वाचली आणि बसल्या जागी मराठीत सांगत गेली, सुरंगी, तुझी फार आठवण आली.

"रांदप सगळ्याच करतात" म्हणणाऱ्या मावशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी माझ्याजवळ आल्या. त्यांचं बांगड्यांचं हुमण गावात प्रसिद्ध आहे, कोणाच्या घरी पाहुणे आले की त्यांनाच बोलावतात. म्हणाल्या, माझी सून दुबईला आहे, फोनवर विचारते आई किती घालू, आणि मी सांगते अदमासान घाल, आणि ती फोन ठेवते. मग जरा थांबून म्हणाल्या, तुझ्या त्या बाईसारखं मला लिहून देशील का?

म्हणून आज सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते, वजनकाटा आणि मापाचे कप घेऊन. मावशी मूठ भरायच्या, मी ती मूठ रिकामी करून मोजायची, त्या चिडायच्या, परत भरायच्या. तीन मुठींत धणे तीन वेगवेगळे निघाले! शेवटी तिन्हींच्या मधलं लिहिलं. एवढं झालंय:

बांगडे मध्यम 4, एका नारळाचं खोबरं, सुक्या मिरच्या 9, धणे दीड मोठा चमचा, हळद पाव लहान चमचा, सोलां 6, मीठ शेवटी. कांदा नाही, फोडणी नाही. वाटण एकदम गंधासारखं. रस उकळला की मग मासे, आणि त्यानंतर डाव घालायचा नाही, भांडंच हलवायचं.

अडलंय ते तिरफळांवर (माशांच्या आमटीत घालतात ती मसाल्याची फळं). मावशी म्हणतात "चार-पाच", पण घालताना मी मोजली तर 11 पडली. बी काढून, किंचित ठेचून, माशांबरोबरच. मी वहीत काय लिहू?

तिसऱ्यो
11 लिही. हात खोटं बोलत नाही.

अबोली_7
आमच्याकडे 7-8, पण आमची तिरफळं ताजी असतात. सुकी असतील तर वेगळं. मावशींची सुकी होती की ओली ते लिहायला विसरू नकोस, दुबईच्या सुनेला सुकीच मिळणार.

माडाचीसावली
सोलां 6 कमी वाटतायत. आणि केगद, मावशींना खतखतें येतं का विचार ना. पुढच्या रविवारी मी फोंड्याहून येऊ शकतो, वजनकाटा माझ्याकडे पण आहे.